दोन्ही औषधेच



मागच्या पावसाळ्यात बाजाराच्या दिवशी आखाडा बाळापूरच्या एका कृषी सेवा केंद्राच्या ओट्यावर बसलो होतो. एक आजी आल्या. पदराची गाठ सोडत दुकानदाराला म्हणाल्या, "बापू, पऱ्हाटीवर मावा पडलाय, त्याचं औषध दे. अन् माझ्या गुडघ्याचंबी कायतरी औषध असंल तर बघ." दुकानातली मंडळी हसली. दुकानदाराने आजींना मेडिकलचे दुकान दाखवून दिले. मी मात्र घरी पोहोचेपर्यंत त्या एका शब्दाचा विचार करीत होतो.

आपण फवारणी करीत नाही, 'औषध मारतो'. ताप आला की औषध घेतो. आणि एखाद्या घरावर वाईट वेळ आली की गावात कुजबुज होते, 'त्यानं औषध घेतलं', तेव्हा ते कोणते औषध हे कोणी विचारीत नाही. नोकरीच्या सुरुवातीची कित्येक वर्षे मी सभांमधून सांगत असे, "औषध म्हणू नका, विष म्हणा." लोक मान डोलवायचे आणि चहा झाला की पुन्हा औषधच म्हणायचे. आता वाटते, त्यांचे अगदीच चुकत नव्हते. शरीरात शिरल्यावर दोघांची काम करण्याची रीत एकच आहे. ती रीत कळली तर फवारणीच्या दिवसांत एखाद्या घरचा माणूस वाचेल, म्हणून आज बियाणे-खते बाजूला ठेवून हा विषय घेतला आहे.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. बाळापूरच्या जवळच्याच एका शिवारात एक तरणा गडी मजुरीने फवारणी करीत होता. भादव्याचे ऊन, पऱ्हाटी छातीच्या वर गेलेली, आणि सलग तिसरा दिवस. दुपारी तो बांधावर येऊन बसला तो आडवाच झाला. अंगाला दरदरून घाम, तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी. कोणी म्हणाले ऊन लागले, कोणी म्हणाले पान लागले. एकाने तर तोंडाचा वास घेऊन पाहिला, प्यायला तर नाही ना म्हणून. घरी नेऊन कांदा हुंगवला, ताक पाजले. दीड तास यात गेला. शेवटी त्याच्या बायकोच्या ध्यानात आले. ती सासऱ्याला म्हणाली, "मामंजी, ह्यांच्या डोळ्यातली बाहुली बघा. टाचणीच्या टोकाएवढी झालीया."

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणते औषध मारत होता?" घरच्यांनी उत्तर दिले, "पऱ्हाटीचं." आता पऱ्हाटीवर मारायची औषधे डझनांनी आहेत. धाकटा भाऊ मोटारसायकलवर शेतात परत गेला, नाल्यात फेकलेली बाटली शोधून आणली. लेबल वाचायला म्हणून सरपंचांनी मला बोलावून घेतले, तेव्हा हा सगळा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला. लेबलावर नाव होते मोनोक्रोटोफॉस, आणि लाल त्रिकोण. सिस्टरबाई अ‍ॅट्रोपीनच्या काचेच्या बारक्या कुप्या एकामागून एक फोडीत होत्या. म्हातारा बाप माझ्या कानाशी लागला, "साहेब, एवढी इंजेक्शनं? पोराला सोसतील का?" त्या वेळी त्यांना नीट समजावून सांगता आले नाही. आज सांगतो.

आपल्याला वाटते, डोके दुखते म्हणून गोळी घेतली तर ती डोक्यात जाते. तसे नाही. गोळी पोटात विरघळते, रक्तात मिसळते आणि रक्ताबरोबर डोक्यापासून अंगठ्यापर्यंत सगळीकडे फिरते. तिला काही कळत नाही. मात्र शरीराच्या कणाकणावर अतिशय बारीक खाचा असतात आणि प्रत्येक औषधाला ठराविक खाचेतच बसता येते. जिथे खाच जुळली तिथे त्याचे काम होते, बाकी ठिकाणी ते नुसते पुढे वाहून जाते. म्हणूनच एका दुखण्याची गोळी घेतली आणि घसा कोरडा पडला, असे होते. तीच खाच घशातही असते.

ही गोष्ट शास्त्रज्ञांना सहजी कळलेली नाही. पूर्वी समज असा होता की मेंदूचा हुकूम मज्जातंतूतून विजेसारखा येतो आणि थेट स्नायूवर उडी मारतो. १९२१ साली ऑस्ट्रियातल्या ओटो लोवी नावाच्या शास्त्रज्ञाने दोन बेडकांची हृदये काढून मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवली. पहिल्या हृदयाची नस चेतवली, तसे ते मंद झाले. मग त्या हृदयाभोवतीचे पाणी त्याने दुसऱ्या हृदयाला दिले. त्याची नस कोणी चेतवलीच नव्हती, तरी तेही मंद झाले! म्हणजे नसेतून काही तरी पदार्थ पाण्यात उतरला होता. हा प्रयोग लोवीला झोपेत सुचला असे तो सांगे. १९३६ चे नोबेल पारितोषिक त्याला आणि इंग्लंडच्या हेन्री डेल यांना मिळून मिळाले. त्या पदार्थाचे नाव अ‍ॅसिटिलकोलीन. आपण त्याला निरोप्या म्हणू.

निरोप्या मज्जातंतूच्या टोकातून सुटतो, समोरच्या खाचेत बसतो आणि काम सुरू होते. लाळ सुटते, आतडे हलते, हाताचे बोट वाकते. पण निरोप्या तिथेच बसून राहिला तर बोट वाकलेलेच राहील. म्हणून शेजारी एक सफाईवाला ठेवलेला आहे. प्रयोगशाळेच्या कागदावर त्याचे नाव कोलिनइस्टरेज असे लिहिलेले असते. तो निरोप्याचे क्षणात तुकडे करतो. एक सफाईवाला सेकंदाला हजारो निरोपे उरकतो, इतका तो चपळ.

मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, डायमेथोएट ही सगळी स्फुरदयुक्त घराण्यातली औषधे नेमके एकच काम करतात. सफाईवाल्याच्या हाताला बेडी घालतात. अळीच्या शरीरातही हाच निरोप्या आणि हाच सफाईवाला आहे, म्हणून अळी मरते. औषधाला अळी आणि माणूस हा फरक कळत नाही. मॅलॅथिऑनसारख्या एखाद्या औषधाला आपले शरीर किड्यापेक्षा लवकर मोडून टाकते, म्हणून ते माणसाला कमी बाधते. उलट क्लोरपायरीफॉस आपल्या यकृतात गेल्यावर अधिक जहाल होते. या घराण्याचा पाया घालणारा जर्मन रसायनशास्त्रज्ञ श्राडर १९३० च्या दशकात किडीवरचेच औषध शोधीत होता. त्याच्या हाती १९३६ मध्ये टाबून नावाचा विषारी वायू लागला आणि लष्कराने तो ताब्यात घेतला. तुमच्या पाठीवरच्या पंपातले पाणी आणि युद्धातला तो वायू यांचे नाते असे सख्खे आहे.

सफाईवाला बांधला गेला की निरोप्यांची गर्दी होते. प्रत्येक खाचेवर हुकूम चालूच. म्हणून लाळ, घाम, अश्रू, उलटी, जुलाब, लघवीवर ताबा नाही, बाहुली बारीक, स्नायूंची फडफड. आणि सर्वांत वाईट म्हणजे छातीत पाणी साचते. माणूस आपल्याच पाण्यात बुडतो.

आता अ‍ॅट्रोपीन काय करते? ते बेडी काढीत नाही. विषाला हातही लावीत नाही. ते फक्त निरोप्याच्या खाचेत जाऊन बसते आणि काहीच करीत नाही. एस.टी. फलाटाला लागली की आपण खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो ना, तसे. सीट भरलेली दिसते, पण तिथे कोणी नसते. निरोपे उभेच राहतात, हुकूम पोहोचत नाही, लाळ थांबते, छाती सुटते. पण गर्दी मोठी असेल तर रुमालही तेवढेच लागणार! एरवी अ‍ॅट्रोपीनची एक कुपी, ०.६ मिलिग्रॅमची, माणसाला पुरे होते. विषबाधेत डॉक्टर सुरुवातच दोन-तीन मिलिग्रॅमने करतात आणि छाती कोरडी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करीत जातात. म्हाताऱ्या बाबांच्या प्रश्नाचे उत्तर हे होते. एरवी जी मात्रा अपाय करील, तीच त्या दुपारी त्यांच्या पोराला पुरत नव्हती.

हे अ‍ॅट्रोपीन कुठून आले ठाऊक आहे? युरोपात बेलाडोना नावाचे झुडूप आहे, त्यातून. आणि त्याचाच भाऊबंद तुमच्या उकिरड्याच्या कडेला उभा आहे. धोतरा. महादेवाला वाहतो तोच. धोतरा खाल्लेल्या माणसाचे तोंड कोरडे पडते, बाहुल्या मोठ्या होतात, अंग तापते, तो बडबडतो आणि हवेत काही तरी वेचल्यासारखे हात करतो. अ‍ॅट्रोपीन जास्त झालेला रोगीही थेट असेच करतो. घरचे लोक घाबरून बाहेरची बाधा समजतात आणि अंगारा शोधायला पळतात. डॉक्टरांना सांगा, ते मात्रा कमी करतील. मात्र हे वाचून कोणी विषबाधेवर धोतऱ्याचे बी उगाळून द्यायला जाऊ नका. एका झाडात किती अंश आणि दुसऱ्यात किती, याचा काही नेम नसतो. एक विष उतरवताना दुसरे चढेल.

अ‍ॅट्रोपीनची एक मर्यादाही आहे आणि ती फार महत्त्वाची. निरोप्याच्या खाचा दोन जातीच्या. लाळ, घाम, छातीतला कफ यांच्या खाचेत अ‍ॅट्रोपीन बसते. हातपाय आणि श्वासाचे स्नायू यांच्या खाचा वेगळ्या घडणीच्या, तिथे ते बसत नाही. त्यामुळे माणूस शुद्धीवर येतो, बोलतो, चहा मागतो, आणि एक ते चार दिवसांनंतर त्याची मान उचलेनाशी होते, मग श्वास थकतो. श्रीलंकेच्या डॉक्टरांनी १९८७ साली हा प्रकार नीट लिहून ठेवला. तेव्हा 'आता बरा दिसतोय, सोयाबीन काढायला आलंय' म्हणून दुसऱ्या दिवशी सही करून माणसाला घरी नेऊ नका. जिथे कृत्रिम श्वासाचे यंत्र आहे तिथे, म्हणजे हिंगोलीला किंवा नांदेडला, न्यायला डॉक्टर सांगत असतील तर त्याच पावली न्या.

बेडी काढणारे औषधही आहे. पॅम नावाचे, १९५५ च्या सुमारास सापडलेले. पण बेडीला गंज चढला की ते चालत नाही. हा गंज काही औषधांत तीन-चार तासांत चढतो, काहींत दीड दिवसाने. बांधावर कांदा हुंगवण्यात गेलेला दीड तास किती महाग होता, ते यावरून कळेल. आपल्या बारामतीत दोनशे रोग्यांवर याचा अभ्यास झाला. पॅम भरपूर आणि सलग दिल्याने फायदा होतो असा त्याचा निष्कर्ष २००६ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पुढे २००९ मध्ये श्रीलंकेतल्या अभ्यासात तसा फायदा दिसला नाही. पॅमबद्दल डॉक्टरांत असे दुमत आहे, अ‍ॅट्रोपीनबद्दल नाही.

खाच अडवून जीव वाचवण्याचे दुसरे उदाहरण तर आपल्या मराठवाड्याच्या माणसाचे आहे. जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात महाडला लाल विंचवाचे रोगी पाहत. त्या विषाने शरीरातली उत्तेजक द्रव्ये एकदम उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी होते. धडधाकट मुले रात्रीतून जात. डॉक्टरांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरायला सुरुवात केली. ती रक्तवाहिनीवरच्या खाचांत जाऊन बसते. विष तसेच राहते, पण त्याचा हुकूम पोहोचत नाही. मृत्यू झपाट्याने कमी झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता आपल्या शेतातल्या गोष्टीकडे येऊ. पैनगंगा ओलांडली की पलीकडे यवतमाळ जिल्हा. तिथे २०१७ च्या हंगामात कपाशी फवारताना शेकडो माणसांना विषबाधा झाली, वीसहून अधिक दगावली. सरकारने चौकशीसाठी विशेष पथक नेमले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, म्हणजे फवारा अंगावरच येत होता. जोराचा तुषार उडवणारे पंप आले होते. आणि दोन-दोन, तीन-तीन औषधे एकत्र करून मारण्याची चाल पडली होती. ही शेवटची गोष्ट डॉक्टरांना फार नडते. कारण सगळ्या औषधांचा उतारा एक नाही. सायपरमेथ्रीन सफाईवाल्याला हात लावीत नाही, ते मज्जातंतूचे दारच उघडे धरून ठेवते. इमिडाक्लोप्रिड निरोप्याच्या जागी स्वतः बसते, मात्र आपल्यापेक्षा किड्याच्या खाचेत अधिक घट्ट. या दोघांना नेमका उतारा नाही, लक्षणे पाहून उपचार करावे लागतात. म्हणून 'पऱ्हाटीचं औषध' हे उत्तर दवाखान्यात चालत नाही. बाटली न्या. एकाहून अधिक मिसळली असतील तर सगळ्या न्या. लेबलावर आणि सोबतच्या घडीपत्रकात विषावरचा उतारा छापलेला असतो. ते पत्रक आपण दुकानातच टाकून येतो.

मोनोक्रोटोफॉसची ३६ टक्क्यांची बाटली बंद करण्याचा आदेश केंद्र सरकारने २०२३ मध्ये काढला. भाजीपाल्यावर तर ते वापरायला त्याच्या कितीतरी आधीपासून मनाई होती. तुमच्या कोठीच्या फळीवर अर्धी राहिलेली जुनी बाटली आहे का, आजच बघा. असेल तर वापरू नका आणि ओढ्यात ओतूही नका, कृषी विभागाच्या कार्यालयात विचारा.

बहुतेकांना वाटते की विष नाकातोंडातून जाते, म्हणून तोंडाला उपरणे बांधले की झाले. फवारणाऱ्याच्या अंगात ते मुख्यतः कातडीतून जाते, आणि सगळीकडची कातडी सारखी नाही. १९७१ मध्ये अमेरिकेत पॅराथिऑनवर मोजणी झाली. हाताच्या पुढच्या भागातून शंभरातले नऊही अंश आत गेले नाहीत. कपाळातून छत्तीस गेले. आणि पुरुषाच्या जांघेतल्या अवघड जागेतून जवळजवळ सगळेच. पाठीवरचा पंप गळतो तेव्हा पाणी पाठीवरून कुठे उतरते, ते मी सांगायला नको. गळका पंप चिंधी गुंडाळून चालवू नका, वायसर बदला. ओली विजार तशीच अंगावर वाळवू नका. मी स्वतः १९९७-९८ मध्ये, हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातच असताना, प्रात्यक्षिकाला उघड्या हाताने औषध ढवळून दाखवले आहे. समोर पन्नास माणसे होती. त्यांतल्या किती जणांनी माझे पाहून तसेच केले असेल, हा विचार अजून सोडत नाही.

मजुरीने फवारणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. बांधलेला सफाईवाला सुटत नाही, शरीराला नवा तयार करावा लागतो, त्याला कित्येक आठवडे जातात. पहिल्या दिवशी दहा गेले, दुसऱ्या दिवशी आणखी दहा, माणसाला काही वाटत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोके धरते, मळमळते, अंधूक दिसते, आणि त्याच दिवशी तो पडतो. पहिल्या दिवशी काही झाले नाही म्हणजे औषध सोसते, असे नव्हे. डोके धरले की पंप खाली. सफाईवाले किती उरलेत ते रक्ताच्या तपासणीत कळते. मोठ्या सरकारी दवाखान्यात कोलिनइस्टरेजची तपासणी विचारा.

कोणी पडलाच तर आधी कपडे उतरवा आणि साबण-पाण्याने केसांसकट धुवा. धुणाऱ्याने हाताला प्लास्टिकची पिशवी तरी बांधावी. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. दूध, ताक, तूप काही देऊ नका. ते श्वासनळीत जाते. डाव्या कुशीवर निजवा, १०८ ला फोन करा, गाडीला उशीर दिसला तर मिळेल त्या वाहनाने निघा.

आणि कोणी रागाच्या भरात किंवा कर्जाच्या घोराने पोटात घेतले असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. पोलिसांच्या भीतीने घरचे लोक 'फवारताना झालं' असे सांगतात आणि उपचार चुकतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे असा माणूस मोठ्या ताणाखाली होता असेच धरायचे, त्याच्यावर खटला चालवायचा नाही, त्याला उपचार द्यायचे. मन फारच खचले असेल तर १४४१६ या क्रमांकावर रात्री-बेरात्रीही फुकट बोलता येते, मराठीतून. घरातली औषधे मात्र कुलपात असू द्या आणि किल्ली घरातल्या शांत डोक्याच्या माणसाकडे. बहुतेक घरांत ती बाईच असते.

तो तरणा गडी पंधरा दिवसांनी नांदेडहून घरी आला. आता तो मजुरीने फवारत नाही. स्वतःच्या दोन एकरांत फवारणी असली की बायको आधी घडीपत्रक मोठ्याने वाचून दाखवते आणि मगच पंप पाठीवर चढू देते. गेल्या वर्षी तिने एका औषधाच्या उताऱ्याबद्दल मला फोन केला. मला लगेच उत्तर देता आले नाही, पुस्तक काढावे लागले.

पुढच्या अंकी हळदीच्या कंदकुजीविषयी. वारंगा आणि डोंगरकड्याकडून बरीच पत्रे आली आहेत.